यंदा कुठं?

लिंबाला फुलोरा आला की माझं एका जागी बसणं संपतं. मुकुंदवाडीत आमच्या घरासमोर रस्त्याच्या कडेला एक लिंब आहे. वायरींना लागतो म्हणून वीजवाले दरवर्षी त्याला एका बाजूनं छाटतात, आणि तो दरवर्षी उरलेल्या बाजूनं फुलतो. सकाळी स्कूटीच्या सीटवर बारीक पांढरी फुलं पडलेली असतात. हातानं झटकली की तळव्याला कडसर गोड वास राहतो. तो वास घेऊनच मी चिकलठाण्याला औषधांच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये कामावर जाते आणि दिवसभर उगाच उठबस करते. खिडकी उघडते, लावते. धुतलेली काचेची भांडी पुन्हा धुते. शेजारच्या टेबलावरची शबाना बघून बघून शेवटी म्हणते, "क्या हुआ गे तेरे कू? खुर्चीला काटे लागलेत का?"

काटे नाहीत. चैत्र जवळ आलाय, एवढंच. लोकांच्या घरी चैत्र यायचा, आमच्या घरी साल सुटायचं.

ज्यांच्या घरात कुणी गडी म्हणून राबलं नाही, त्यांना हे सांगावं लागतं. सालगड्याचं वर्ष पाडव्याला सुरू होतं आणि पाडव्याला संपतं. मधे आजारपण येवो, मालकाशी वाजो, साल मोडता येत नाही. पाडवा आला की मात्र गडी मोकळा. राहायचं तर राहा, नाहीतर दुसरं शिवार बघ. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, पैठण तालुक्यात पाचोडजवळच्या आमच्या गावात नानांच्या शेतावर सालानं होते. आधी आमच्यात मेंढरं होती. आजोबांच्या काळात ती गेली आणि दादांच्या हातात दुसऱ्याच्या बैलांचा कासरा आला. वर्षातला एक पाडव्याआधीचा पंधरवडाच असा असायचा की ज्यात दादा कुणाचेच नसायचे. माणूस मोकळा असला की खूश असतो असं वाचलंय मी पुस्तकात. दादांची त्या पंधरवड्यात भाकरी अर्धी राहायची.

"यंदा कुठं, किसन?"

गिरणीत विचारायचे, हापशावर विचारायचे, मयतीला गेले तर तिथंही कुणीतरी हळूच विचारायचं. त्याचं उत्तर सरळ द्यायचं नसतं. "बघू. अजून काय ठरलं नाय." ठरलेलं असलं तरी हेच. आणि ज्यानं विचारायला पाहिजे तो मालक तर कधीच विचारायचा नाही. नाना संध्याकाळी गोठ्यात यायचे, मोऱ्या बैलाच्या पाठीवर थाप मारायचे, गव्हाच्या उताऱ्याचं बोलायचे, कुणाच्या लग्नाचं बोलायचे, आणि बोलता बोलता त्यांची नजर कोपऱ्यात जायची. तिथं अंबाडीचा वाख पडलेला असायचा. राहणारा गडी पाडव्याच्या आधी बैलांचे नवे दोर वळायला घेतो, कारण ते दोर पुढच्या सालाचे असतात. जाणारा गडी वाखाला हात लावत नाही. तोंडानं कुणी काही बोलायचं नाही. मालक दोर बघायचा आणि समजून घ्यायचा.

हे सगळं मला आत्ता का आठवतंय, तर मलाही विचारणं झालंय म्हणून.

बिडकीनकडं एक नवा कारखाना उभा राहतोय. औषधांचाच. त्यांना प्रयोगशाळा उभी करायला माणूस पाहिजे. म्हणजे नुसतं तपासायला नाही, पहिल्या टेबलापासून उभी करायला. कुठं काय बसवायचं, कोण माणसं घ्यायची, सगळं. त्यांचे एक साहेब मला फोनवर म्हणाले, "घाई नाही मॅडम, पाडव्यापर्यंत सांगा. शुभ दिवस असतो." त्यांना काय माहीत ते कुणाच्या पोरीला पाडव्याची मुदत देतायत. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ हातमोजे घालायचे का काढायचे ते विसरून उभी होते.

इथं चिकलठाण्याला मी बीएस्सी झाल्या झाल्या लागले. रसायनशास्त्र, पहिला वर्ग. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते, आणि मला त्याची लाज वाटत नाही. आमच्या घराण्यात त्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. पदवीच्या दिवशीचा फोटो हॉलमध्ये टीव्हीच्या वर आहे; पाहुणे आले की त्यांना आधी तो दिसावा म्हणूनच तिथं लावलाय. ह्या लॅबमध्ये माझं सगळं वय गेलं म्हटलं तरी चालेल. कुठली फरशी पायाखाली पोकळ वाजते ते मला माहीत आहे. कुठल्या ब्युरेटची तोटी गळते, कुठल्या मशिनला सकाळी तापायला वेळ लागतो आणि त्याला चुचकारावं कसं, कँटीनच्या पोह्यात शेंगदाणे कुठल्या वारी असतात, सगळं. मी सही केल्याशिवाय औषधाची एक पेटी इथून बाहेर जात नाही. गेटपासून वरपर्यंत सगळे मला मॅडम म्हणतात. ज्या पोरीला अख्खं गाव "किसन गड्याची" म्हणून ओळखत होतं, तिला हे मॅडम म्हणणं किती मोलाचं असतं, ते मॅडम म्हणूनच जन्मलेल्या बायांना कळायचं नाही.

तर हे सोडायचं का, हा प्रश्न. पगार वाढेल, पण खरं सांगते, पगारानं माझी झोप गेली नव्हती. झोप गेली होती ती एवढ्यानं, की तिथं मला कुणी ओळखत नाही.

घरी सांगितलं तेव्हा माय गच्चीवर कुरडया वाळत घालत होती. दादांचे गुडघे गेल्यापासून दोघं आमच्याकडंच असतात.

"बिडकीन?" माय म्हणाली. "म्हंजी पैठण तालुक्यात?"

"व्हय."

"तुला तिकडून काढून हिकडं आणायला आमची हाडं झिजली, आन तू शिकूनसवरून परत तिकडंच चालली?" आणि ती हसायला लागली. हसता हसता एक कुरडई मोडली तर ती तोंडात टाकली.

दादा पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी एकच विचारलं. "पाणी कसंय तिथलं?"

"दादा, कारखाना आहे तो. पाणी पाइपनं येतं."

"तरी बघून घ्यावं आधी."

"सोडा ओ पाणी," माय म्हणाली. "आपुन मेंढरंवाले. मुक्काम हलवायची आपल्याला कसली भीती?"

"मेंढरं रानात नेतात ती माघारी आणायलाच," दादा म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

माझे यजमान विलास ह्यांचं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. हाताला कायम वॉर्निशचा वास. ते जेवताना म्हणाले, "माझं बरंय बाबा. मालक मीच, गडी मीच. पाडव्याला मी मलाच विचारतो, यंदा कुठं. मग मीच म्हणतो, बस गपगुमान."

"गंमत करू नका. काय करू सांगा."

"मी सांगितलं आन चुकलं तर जन्मभर ऐकवशील. तूच ठरव."

बरोबरच होतं त्यांचं. ऐकवणं आमच्या घरात पिढीजात आहे. दादा अजून मायला ऐकवतात. त्या एका पाडव्याचं.

माझं दहावीचं वर्ष होतं ते. परीक्षेचं केंद्र पाचोडला. सकाळी जीपच्या मागच्या पायरीवर उभं राहून जायचं, पेपर द्यायचा, दुपारी तापल्या रस्त्यानं माघारी. गव्हाच्या मळणीचा भुसा हवेत तरंगत असायचा. तो घामाला चिकटला की अंग खाजायचं. मी लिंबाखाली पोतं टाकून अभ्यास करायची आणि पुस्तकाच्या पानात फुलं पडायची. बीजगणिताच्या पुस्तकाला अजून तो वास असेल, जर ते पुस्तक कुठं असेल तर.

त्या साली दादांनी जायचं ठरवलं होतं. पाचोडच्या बाजारात गंगापूरकडचा एक ऊसवाला शेतकरी बैल घ्यायला आला होता. दादांनी नानांच्या सांगण्यावरून त्याला बैल दाखवले, दात मोजून दिले, चालवून दाखवले. त्या माणसाला बैल पसंत पडले नाहीत, दादा पसंत पडले. जाताना त्यानं दादांच्या हातावर सुपारी ठेवली. सुपारी घेतली म्हणजे शब्द दिला. त्यावर सही नसते, साक्षीदार नसतो, पण सुपारी घेऊन कुणी शब्द फिरवल्याचं मी ऐकलेलं नाही. दादांनी ती खाल्ली नाही, टोपीच्या घडीत ठेवली. घरी येऊन मायला सांगितलं, की तिथं खोली पक्की आहे आणि तिथून जीप थेट औरंगाबादला जाते, पोरगी पुढं शिकंल.

इथवर सगळं नीट होतं. बिघडलं ते दादांच्या हातांमुळं.

ठरवून झालं तरी दादांना चैन पडेना. उठायचे, गोठ्यात जायचे, मोऱ्याच्या गळ्याखाली खाजवायचे, परत यायचे. नानांना सांगायचं होतं आणि सांगवत नव्हतं. नानांच्या हाताखाली त्यांची मिसरूड फुटली होती. आज सांगतो, उद्या सांगतो करत ते गोठ्यात बसून राहायचे, आणि रिकामं बसायची सवय हातांना कुठली? समोर वाख पडलेला. एका संध्याकाळी त्यांनी तो ओढला, एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं आणि वळायला लागले. दुसऱ्या दिवशी पण. मी त्यांना बघितलं होतं, पण मला वाटलं वळतायत तर वळतायत. डोक्यात वेगळाच कुठंतरी विचार, आणि हातातून दोर उतरतोय, एकसारखा, गुळगुळीत, जसा ते नेहमी वळायचे.

नानांनी दोर बघितले. त्यांना वाटलं, ठरलं. त्यांनी आलेल्या दुसऱ्या गड्याला माघारी पाठवलं, आणि पारावर चार माणसांत दादांना बोलावून हातावर सुपारी ठेवली. "किसन काय मला सोडून जात नाय," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. दादांनी सुपारी घेतली. काय म्हणणार? स्वतःच्याच हातांनी वळलेले दोर गोठ्यात टांगलेले होते.

घरी येऊन त्यांनी दोन्ही सुपाऱ्या भिंतीतल्या दिवळीत ठेवल्या. माय आणि मी त्यांच्याकडं बघत बसलो.

"ही कुणाची आन ती कुणाची?" मायनं विचारलं.

"एक गंगापूरची. एक नानाची."

मायनं दोन्ही सुपाऱ्या उचलून परत ठेवल्या. मग म्हणाली, "म्हंजी आता तुम्ही दोन बायकांचे नवरे झाले. नांदा."

दादा हसले नाहीत. त्यांना ताप भरल्यासारखं झालं होतं, पण कपाळ गार. एकाकडं गेलं तर दुसऱ्याचा शब्द मोडतो. न जेवता पडून राहायचे आणि मधूनच उठून म्हणायचे, "दोर उसवून टाकू का?" वळलेला दोर उसवून वाख परत वाख होत नाही, हे काय त्यांना सांगायला पाहिजे होतं का. मी भूगोलाचा शेवटचा पेपर लिहीत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर नकाशात गंगापूर नव्हतंच, दिवळी होती.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी माय नेहमीसारखी नानांच्या गोठ्यात शेण काढायला निघाली. मी पाटी घेऊन मागं. हे तिचं काम रोजचं होतं. गडी ठरला की त्याची बायको शेणाला, सारवायला, सणावाराच्या भांड्यांना असतेच. वेगळं कुणी ठरवत नाही, जसं बैलाबरोबर घंटा येते तसं. नानांची बायको, आम्ही काकी म्हणायचो, ओसरीवर डाळ निवडत होती.

"उद्या लवकर ये गं," काकी म्हणाली. "पुरणाचं आहे. गोठा उरकला की पाट्यावर बस."

माय शेण काढत राहिली. पाटी भरली. हात राखेनं चोळून धुतले, पदराला पुसले, आणि म्हणाली, "काकी, उद्यापसून मी येणार नाय."

"का? पाव्हणे येणारेत का?"

"पाव्हणे नाय. मी येणार नाय म्हंजी नाय. इथून पुढं."

"अगं, पण किसननं सुपारी घेतली ना."

"त्यांनी घेतली. मला कुठं कुणी दिली?"

मी पाटी डोक्यावर घेऊन उभी. वाटलं, आता काकी ओरडणार. काकीनं सुपातली डाळ एकदा पाखडली. मग वर न बघता म्हणाली, "मला तरी कुणी दिली व्हती गं."

माय निघाली तेव्हा काकीनं तिच्या ओटीत मूठभर हरभऱ्याची डाळ घातली, एवढंच.

आत नाना-काकींचं काय बोलणं झालं ते आम्हाला कधी कळलं नाही. संध्याकाळी नाना आमच्या दारात आले. दारातच उभे राहिले. "गडी ठेवता येतो," ते दादांना म्हणाले, "पर बाईशिवाय गोठा कोण बघंल?" त्यांनी हात पुढं केला, आपली सुपारी मागून घेतली, आणि जाता जाता वळून म्हणाले, "दोर तेवढे आढ्याला बांधून जा. उंदीर खातेत."

पाडव्याला गावात गुढ्या उभ्या राहत होत्या आणि आम्ही टेम्पोत बसून गंगापूरकडं निघालो होतो. माझ्या मांडीवर चूल होती.

इथं गोष्ट संपवली तर छान होईल. पण तसं झालं नाही. गंगापूरकडचा मालक नानांपेक्षा बराही नव्हता आणि वाईटही नव्हता. खोली पक्की होती, पण उसाच्या मधोमध. पावसाळ्यात दारात साप. विहिरीचं पाणी खारट. चहा फाटल्यासारखा लागायचा. उसाला पाणी द्यायचं म्हणजे गुडघाभर चिखलात उभं राहायचं, थंडीत सुद्धा, आणि दादा उभे राहिले. वर्षानुवर्षं. आज त्यांना गच्चीचा जिना चढताना माझा खांदा लागतो तो त्या चिखलाचा हिशेब आहे. आणि तिथूनच जीप थेट शहरात यायची, हेही खरं. त्या जीपमधून मी कॉलेजला आले.

भांडण झालं की दादा अजून म्हणतात, "नानाच्या विहिरीचं पाणी गोड व्हतं." माय म्हणते, "मग जायचं व्हतं प्यायला, कुणी धरलं व्हतं?" त्या साली दोघांतलं बरोबर कोण, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. मी शिकले म्हणून माय बरोबर, असं लोक पटकन म्हणतात. माझ्या सत्काराच्या वेळी एका गुरुजींनी तसं भाषणच केलं होतं. मी मान डोलावली आणि घरी येऊन दादांच्या गुडघ्याला तेल चोळलं. एखादा मुक्काम सोडला की तो चांगला होता का वाईट हे कळायचा रस्ता बंद होतो. राहिलो असतो तर काय झालं असतं, ह्याचं उत्तर कुणाकडंच नसतं. म्हणून तर माणूस त्या पाण्याची चव धरून बसतो.

ह्या वर्षी पाडवा आणि ईद पाठोपाठ आले होते. शहागंजात एका गाडीवर साखरेच्या गाठी लटकत होत्या, त्याच्या शेजारच्या गाडीवर शेवयांचे ढीग. दोन्हीवर त्याच माशा. शबानाचे रोजे चालू होते, त्यामुळं ती दुपारनंतर कमी बोलायची. पण एकदा मी तिला सलग तिसऱ्यांदा तेच विचारलं, तेव्हा तिनं चष्मा काढून ठेवला. "देख संगीता, जाना है तो जा. रैना है तो रह. पर रोज रोज मेरा रोजा मत खराब कर."

मी तिच्याजवळून उठले आणि मला काहीतरी करायला पाहिजे होतं, तर रसायनांचं कपाट आवरायला काढलं. जुन्या बाटल्या बाजूला केल्या, नव्यांना चिठ्ठ्या लावल्या, येत्या वर्षाचं जे जे लागणार ते हाताशी येईल असं वरच्या फळीवर मांडलं. दुसऱ्या दिवशी खालचा खण. अशी दोन-चार दिवस मी कपाटातच होते. मला बरं वाटत होतं. डोकं बिडकीनला, हात कपाटात.

बोराडे सर, आमच्या लॅबचे मुख्य, दारातून येता-जाता बघत होते. शुक्रवारी कँटीनमध्ये सगळ्यांदेखत म्हणाले, "चला, मॅडमचं ठरलं. उगाच लोक काहीतरी उठवत होते. मी कपाट बघितलं तेव्हाच ओळखलं. मी वर सांगूनही टाकलंय."

लोकांनी हसून बघितलं, कुणीतरी माझ्या ताटात जास्तीची जिलेबी वाढली, आणि मी ती खाल्ली. खरंच खाल्ली.

घरी येऊन मायला सांगितलं तर ती पोट धरून हसली. "बापावर गेली गं, बापावर गेली." दादा हसले नाहीत. ते माझ्या हातांकडं बघत होते.

शनिवार-रविवार मला घरात थांबवेना. विलासना स्कूटीवर मागं बसवून मी बिडकीनला जाऊन आले. रस्ते एवढे रुंद, की त्यावर आमची स्कूटी म्हणजे मुंगी. दोन्ही बाजूला खांब, पाट्या, मोकळ्या जागा, मधेच कुठं राहून गेलेला बाभळीचा बांध. कारखान्याच्या भिंती उभ्या होत्या, काचा लागायच्या होत्या. आम्ही तारेबाहेरूनच बघितलं. विलास म्हणाले, "इथं तर काहीच नाही."

मला तेच आवडलं.

परत येताना वाऱ्यात बोलता येत नव्हतं ते बरं झालं. मी विचार करत होते, त्या साली दादांना सोडवायला माय होती. तिला सुपारी कुणी दिली नव्हती म्हणून ती मोकळी होती. तिला कुणी धरलंच नव्हतं, म्हणून तिला "नाय" म्हणता आलं. माझं तसं नाही. मला नावानिशी विचारलंय. बिडकीनवाल्यांनी माझ्या नवऱ्याला फोन केला नाही, बापाला केला नाही, मला केला. एवढ्यासाठीच तर जीपच्या पायरीवर उभं राहून शिकले होते मी. पण नावानिशी विचारलं की उत्तरही आपल्याच तोंडानं द्यावं लागतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या वतीनं गोठ्यात जाऊन बोलणारं आता कुणी नाही. हात तर लबाड आहेत, ते सवयीच्याच बाजूनं बोलतात.

सोमवारी सकाळी मी बोराडे सरांच्या खोलीत गेले. बसा म्हणाले, बसले नाही. बसले असते तर दुसरंच काही बोलले असते.

"सर, मी जातेय."

"कुठं? सुट्टी पाहिजे का?"

"बिडकीनला. नव्या ठिकाणी."

त्यांनी चष्म्यातून बघितलं. "अहो, मी तर वर सांगितलंय."

"तुम्ही मला विचारलं नव्हतं, सर."

"त्यात विचारायचं काय? इतक्या वर्षांत कधी विचारावं लागलं का?"

"नाही लागलं," मी म्हणाले. "तेच."

त्यांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नाही. मला पहिल्यांदा मशिनवर बसवलं ते त्यांनीच; बाळंतपणाच्या वेळी माझं काम स्वतः केलं आणि कधी बोलून दाखवलं नाही. मला वाटत होतं ते रागावतील, आणि रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट दोनदा फिरवला. मग मॅडम सोडून, मी पहिल्यांदा लागले होते तेव्हासारखं म्हणाले, "जा. मी रिटायर होईपर्यंत इथं तुला वर जागा नाही, हे मला माहीत होतं. तुला कळू नये असंही वाटायचं."

बाहेर आले तर शबाना दारातच. तिनं विचारलं नाही. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र उलटं झालं होतं ते सरळ केलं आणि म्हणाली, "ईद को आना. तब तक सोच-सोच के मरना मत."

मरत नाही, पण सोचणं काही थांबलेलं नाही. पाडव्याच्या दिवशी गुढीला काठी बांधतानाही मी विलासना विचारलं, चुकलं का हो माझं, आणि ते म्हणाले, आधी गाठ नीट मार. दादांनी प्रसादाची लिंबाची पानं चावत चावत मायकडं बघितलं आणि म्हणाले, "हिनं कुणाला पुढं घालून सांगायला नाय लावलं." मायनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मला ते कौतुक होतं का मायला टोमणा होता, ते विचारायचा धीर झाला नाही.

नोटिशीचे दिवस भरले आणि काल मी पहिल्यांदा तिथं कामावर गेले. डबा घेऊन, ठेवणीतली सुती साडी नेसून, कोट पिशवीत. गेटवर एक म्हातारासा वॉचमन होता, बहुतेक त्याच शिवारातला. अजून टोपी वर्दीची नव्हती, घरची होती. त्यानं माझ्याकडं बघितलं, माझ्या पिशवीकडं बघितलं.

"कुणाला भेटायचंय, बाई?"

चिकलठाण्याच्या गेटवर मला हा प्रश्न कधीच कुणी विचारला नव्हता. तोंडात नाव येईना. कुणाचं सांगणार?

"लॅबला जायचंय," मी म्हणाले.

"तिथं अजून कुणीच नाय."

"व्हय," मी म्हणाले. "म्हणून तर आले. गेट उघडा."